लाल पेन्सिलीची गल्ली

अमरावतीच्या कडेला, जिथं एके काळी शहर संपून मळे सुरू होत आणि आता मळे संपून प्लॉट सुरू होतात, तिथं केशवराव राहतात. वय त्र्याहत्तर. घराणं माळ्याचं, तीन पिढ्यांची भाजी आणि फुलं. उरलेल्या दीड एकरात मुलगा शेवंती लावतो. केशवरावांनी मात्र हातात कधी खुरपं धरलं नाही. त्यांनी उभा जन्म गल्ल्या वाचल्या.

हसू नका. हा खरोखरीचा धंदा होता, त्याला पगार होता, आणि त्यात केशवरावांचा हात धरणारा अख्ख्या वऱ्हाडात दुसरा कोणी नव्हता.

ही विद्या त्यांना आईकडून मिळाली. वच्छलाबाई डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन पहाटेच निघायच्या. सात वर्षांचा केशव पदर धरून मागं. कुठल्या गल्लीत काय खपतं, हे त्या माउलीला तोंडपाठ होतं. वकिलांच्या आळीत कोवळी मेथी. बडनेऱ्याच्या रेल्वे चाळीत पगाराच्या आठवड्यात वांगी, बाकीचे दिवस पालक. मोहल्ल्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि पुदिना, तोही जुडीनं नाही, ओंजळीनं. टोपलं भरतानाच वरची भाजी कुठल्या दारासाठी आणि खालची कुठल्या, हे ठरलेलं असे. आणि गल्लीच्या तोंडाशी आल्या की त्या आवाज द्यायच्या. "मेथीऽऽ, सांभाऽऽर!" असा खणखणीत, की मधल्या घरातली पोर झोपेतून उठावी.

एकदा असं झालं, की चाळीच्या मागच्या एका गल्लीत आवाजावर आवाज दिले तरी दार उघडेना. केशव कंटाळला. म्हणाला, "माय, इथं कोणी घेत नाई. चाल नं आता."

वच्छलाबाईंनी टोपलं खाली ठेवलं. "घेत नाई असं नसते रे बाप्पा. काहून घेत नाई, ते इचारा लागते."

त्यांनी एका दाराची कडी वाजवली. आतून रडका आवाज आला. तीन घरांत पोरांना गोवर निघाला होता, म्हणून बायका बाहेर पडत नव्हत्या. वच्छलाबाईंनी तीन जुड्या पालक ओट्यावर ठेवला आणि पुढची गल्ली धरली. केशवनं ते पाहिलं. पाहिलं आणि विसरला.

पुढं मॅट्रिक झाल्यावर त्याला अकोल्यात नोकरी लागली. एका चहा कंपनीचा मोठा एजंट होता. त्याला शहरात पुडीचा चहा खपवायचा होता, आणि गाडी उगाच कुठंही फिरवायची नव्हती. त्यानं शहराचा हातानं काढलेला नकाशा केशवच्या पुढ्यात टाकला, एक वही दिली, नमुन्याच्या पुड्यांनी भरलेली खाकी पिशवी दिली आणि चार रंगांच्या पेन्सिली दिल्या. ज्या वस्तीत चांगल्या पत्तीची पुडी खपेल ती हिरवी. जिथं भुकटीची पुडी खपेल ती निळी. जिथं दुकानातून सुटा चहा नेतात ती पिवळी. आणि जिथं गाडी नेण्यात काही अर्थ नाही, ती लाल.

"घरोघर इचारत बसू नको," एजंटानं बजावलं. "लोक खोटं सांगतात. डोळ्यानं पाह्य आणि रंग भर."

केशवनं डोळ्यांचं शास्त्र बनवलं. तो दहा ते बाराच्या दरम्यान गल्लीत शिरायचा, कारण तेव्हा धुणं दोऱ्यांवर असतं. वाळत घातलेले कपडे काय काय सांगतात! धोतराला नीळ दिसली, की घरात पुडीचा चहा पक्का. टेरीलीनचा शर्ट असेल तर माणूस नोकरीत. लंगोट जास्त असतील तर दूध पोरांना जातं, चहा काळाच होतो. मग धूर बघायचा. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर म्हणजे सुटा चहा, स्टोव्हची फरफर म्हणजे पुडी. काखेत छत्री दाबून दारासमोर उभं राहायचं, दोन मिनिटं वहीत मान घालायची, पुढं सरकायचं. कोणाला हाक नाही, कोणाशी बोलणं नाही. सहा महिन्यांत अकोल्याचा नकाशा रंगला. एजंटानं तो भिंतीवर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागला. बावीस वर्षांच्या केशवची छाती फुगली. एखाद्या नटाला पहिल्या टाळीनं जे होतं, ते त्याला झालं.

त्या नकाशात मोर्णा नदीच्या काठाला एक लाल तुकडा होता. चुनाभट्टीची गल्ली. चाळीसेक घरं. कापसाच्या जिनिंग-प्रेसमधली मजूर माणसं. केशव तिथं गेला, तेव्हा दोऱ्यांवर एक चिंधी नव्हती. एकाही चुलीतून धूर नव्हता. त्यानं वहीत तसं लिहिलं, खाली गल्लीची कच्ची आकृती काढली आणि लाल पेन्सिलीनं तिच्याभोवती रेघ ओढली; तीच मग मोठ्या नकाशावर उतरवली. गल्लीच्या एका अंगाला मोठी विहीर होती, तिथं रेघ वाकवून अर्धगोल काढला, कारण विहीर काही चहा पीत नाही. आपल्या या विनोदावर तो स्वतःशीच हसला होता. नमुन्याच्या पुड्या जशाच्या तशा पिशवीत राहिल्या.

नकाशाला पुढं पाय फुटले. साबणवाल्यानं त्याची नक्कल मागून नेली. मग हप्त्यावर रेडिओ आणि पंखे देणाऱ्या दुकानदारानं. एजंटाच्या मुलानं तो कॉम्प्युटरमध्ये घातला आणि शहराची माहिती जमवणाऱ्या कुठल्याशा कंपनीला विकला. प्रत्येकानं त्यात नव्या वस्त्या जोडल्या, नवे रंग भरले. जुन्यावर कोणी हात फिरवला नाही. जुनं ते पक्कं, असं सगळ्यांना वाटलं.

केशवराव निवृत्त झाले, बायको गेली. आणि गेल्या वर्षी, दिवाळीच्या चार दिवस आधी, त्यांचा नातू गजेंद्र अकोल्याहून भेटायला आला. गजेंद्र मुलीचा मुलगा, अठ्ठावीसचा, मोबाईलवरून किराणा घरपोच देणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. शेवंतीच्या ढिगाशेजारी बसून त्यानं आजोबांना आपलं काम दाखवलं.

"हे पाहा आबा. अख्खं अकोला. कोण्या एरियात काय खपते, सारं कॉम्प्युटर सांगते. हिरव्यात अर्ध्या तासात माल. पिवळ्यात संध्याकाळपर्यंत. लालमंधी आपला माणूस जातच नाई."

"लालमंधी काहून नाई जात?"

"तिथून ऑर्डरच नसते नं."

"माणूस जात नाई तं ऑर्डर कुठून येईन?"

"आबा, तुमी वकील व्हायले पायजे होते," गजेंद्र हसला.

केशवराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा नाकाशी नेला. मोर्णेच्या काठाला एक लाल तुकडा होता. त्याच्या एका अंगाला, उंदरानं भाकर कुरतडावी तसा, अर्धगोल.

"हे इथं काय आहे?" त्यांनी बोट ठेवलं.

"तिथं? तिथं तर मंगल कार्यालय आहे. चांगलं दुमजली."

"विहीर?"

"कोणती विहीर? मी काई पाह्यली नाई."

विहीर बुजून तीस वर्षं झाली होती. पण कॉम्प्युटरमधली रेघ अजून तिला वळसा घालून जात होती. केशवरावांनी स्वतःची रेघ ओळखली. बापानं लेकराचा चेहरा ओळखावा तशी ओळखली.

गजेंद्रनं मग सहज सांगितलं, की त्या गल्लीतल्यांना फ्रिज हप्त्यावर मिळत नाही, गावाकडचा पत्ता दिला तर मिळतो, गल्लीचा दिला तर नाही. दवाखान्याची औषधंसुद्धा घरी येत नाहीत. म्हाताऱ्या बाया चौकापर्यंत चालत येतात.

त्या रात्री केशवरावांनी पत्र्याची पेटी उघडली. वही तिथंच होती. पान सापडायला वेळ लागला नाही. वर तारीख होती, तेरा जानेवारी. भोगी.

भोगीचा दिवस! त्या दिवशी गरिबातली गरीब बाई डोक्यावरून न्हाते, घरातलं लुगडं न् लुगडं धुऊन टाकते. दोऱ्या वाकतात त्या दिवशी. मग रिकाम्या कशा होत्या? भोगीला चूल थंड कशी होती? बावीस वर्षांच्या केशवला हा प्रश्न पडला नव्हता. त्र्याहत्तर वर्षांच्या केशवरावांना तो आता झोपू देईना. वच्छलाबाईंनी टोपलं खाली ठेवलं असतं. त्यांनी विचारलं असतं.

सकाळी त्यांनी अकोल्याला परतलेल्या गजेंद्रला फोन लावला. "ती लाल गल्ली माह्या हातानं झाली. ती पुसाची कशी, ते सांग."

गजेंद्रनं डोक्याला हात लावला असणार. पण आजोबांवर त्याचा जीव. तो म्हणाला, की तीस घरांनी नाव, मोबाईल नंबर आणि काय काय घेऊ ते लिहून दिलं, तर तो वरच्या साहेबाकडं फेरतपासणी मागेल. शब्द मात्र देणार नाही.

केशवराव बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं अकोल्याला जाऊ लागले. आठवड्यात तीनदा. खांद्याला पिशवी, काखेत छत्री, हातात फॉर्म. आता ते प्रत्येक दारात हाक मारत होते. लोकांनी आधी थट्टा केली. "आजोबा, इलेक्शनले उभे हाये का?" एका बाईनं दारातच हात जोडले, "बँकेचे असान तं आमी घरी नाई!" पण म्हातारा माणूस, उन्हात उभा, पाणी मागतो आणि चौकशी करतो, त्याला कोण किती हाकलणार? तीन आठवड्यांत एकोणतीस फॉर्म झाले.

तिसावं घर गल्लीच्या टोकाचं. इंदूबाईंचं. पंचाहत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, डोळे मात्र लखलखीत. मुलगा सुरतेला. इथं त्या आणि एक शेळी.

फॉर्म भरता भरता केशवरावांनी तो प्रश्न विचारला, जो ते गल्लीत प्रत्येकाला विचारत होते आणि ज्याचं उत्तर तरुणांपाशी नव्हतं. "बाई, लय जुनी गोष्ट आहे. चौऱ्याहत्तर साल. भोगीच्या दिवशी या गल्लीत कोणी धुणं नव्हतं घातलं. तुमाले काई आठवते?"

इंदूबाईंनी शेळीच्या पाठीवरचा हात काढला.

"माहा मालक गेला नं त्या दिवशी," त्या म्हणाल्या.

श्याम त्याचं नाव. प्रेसमध्ये रुईच्या गाठी रचत होता, सकाळच्या पाळीत थप्पी अंगावर आली. खबर आली तशी सारी गल्ली चूल विझवून इस्पितळाकडं धावली. घरात राहिली ती चोवीस वर्षांची इंदू, कडेवर सहा महिन्यांचं लेकरू.

"माहं माहेर भातकुलीचं," इंदूबाई सांगत होत्या. "बापाची पन्नास एकर काळी जमीन. रामराव म्हटलं का सारा तालुका उठून उभा राहे. मी श्यामच्या मांगं निघून आली, ते जातीचे दुसरे. बापानं घरी माह्या नावाची आंघोळ केली. तीन वर्सं कोणी पाह्यलं नाई माह्याकडं. पन त्या दिवशी..."

त्या थांबल्या. आणि मग त्यांच्या सुरकुत्यांवर जे पसरलं, त्याला हसू म्हणावं की काय, ते केशवरावांना कळेना.

"त्या दिवशी बापानं माणूस धाडला. मी दारात उभी होती. गल्लीत कोणी नाई, कुत्रंसुद्धा नाई. आन् एक माणूस आला. पोरगेलासाच होता. खाकी पिशवी, काखेत छत्री. असा समोर उभा राह्यला, मान खाली घालून. लय वेळ. एक शबूद बोलला नाई. मग चालला गेला. आमच्या घरचा सालदार असन, नाईतं त्याचा पोरगा. अंदर याची त्याची हिंमत नसन झाली. पन बापानं पाह्यले धाडलं, हे काय थोडं झालं?"

केशवरावांच्या हातातला पेन थांबला होता.

"त्याच्या आधारावर मी जगली, भाऊ. बाप मेला तवा मीही गेली भातकुलीले. अंदर नाई गेली. गल्लीच्या तोंडाशी उभी राह्यली, मान खाली घालून, त्या माणसावाणी. मग वापस आली. फिटलं."

सांगायची वेळ हीच होती. शब्द जिभेवर आले होते. पण केशवरावांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं, नजर चुकवली. फॉर्म पुढं सरकवला. इंदूबाईंनी वाकडीतिकडी सही केली, आणि तीस झाले.

महिन्याभरानं गजेंद्रचा फोन आला. तो आनंदानं ओरडत होता. "आबा, लाल गेली! पिवळी झाली. आठवड्यातून दोन दिवस माणूस जाईन. आन् तुमची विहीरही बुजवली हो, अर्धगोल काढून टाकला!"

एवढं झाल्यावर माणसानं पेढे वाटावेत. केशवरावांना भाकर गोड लागेना. नकाशावरचा डाग पुसला होता. पण दुसरी एक खोटी गोष्ट, त्यांच्याच हातून झालेली, त्या टोकाच्या घरात पन्नास वर्षं देवासारखी बसली होती. ती राहू द्यावी का? राहू दिली तर एक म्हातारी सुखानं मरेल. पण तिनं विश्वासानं सारं उघड करून सांगितलं, आणि हे समोर बसून ऐकत राहिले. पन्नास वर्षांपूर्वी तिच्या दाराशी जाऊन आपण तिला एक हाक मारली नाही. आताही मारायची नाही?

ते पुन्हा गाडीत बसले.

इंदूबाईंनी त्यांना लांबूनच ओळखलं. "या या! सामान आलं होतं काल. गुडघ्याची गोळी दारात आली, बाप्पा! बसा, च्या होते दोन मिंटात. तुमी आले न् गल्लीचं भलं झालं. तो मानूस आला होता तसे आले तुमी."

केशवराव बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि उभ्यानंच म्हणाले, "तो माणूस मीच होतो, बाई. मले कोणी धाडलं नव्हतं."

चहाचं पातेलं इंदूबाईंच्या हातात तसंच राहिलं.

"खाकी पिशवी?"

"माही."

"छत्री?"

त्यांनी काखेतली छत्री नुसती दाखवली.

"मंग मान काहून खाली होती?"

"लिवत होतो."

"काय लिवत होते?"

केशवरावांनी पान उघडलं. त्यांनी वाचलं, "चुनाभट्टी गल्ली. दोऱ्या रिकाम्या. चुली थंड. गाडी आणण्यात अर्थ नाही. लाल."

शेळीनं एकदा तोंड वर करून पाहिलं. बाहेर कोणाचा तरी रेडिओ चालू होता. इंदूबाईंनी पातेलं जमिनीवर ठेवलं, भिंतीला हात लावत खाली बसल्या, आणि केशवरावांकडं न बघता बोलल्या.

"मंग त्या दिवशी कोनीच नव्हतं आलं."

केशवरावांनी हात जोडले. त्यांना माफी मागायची होती, पण कशाकशाची मागावी ते सुचेना. ते तसेच उभे राहिले, मान खाली घालून. आणि आपण पुन्हा तसेच उभे आहोत, हे ध्यानात येताच त्यांनी झटकन मान वर केली.

इंदूबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या वहीकडं बघत होत्या.

"ते खोटं नाई लिवलं तुमी," त्या म्हणाल्या. "दोऱ्या रिकाम्याच होत्या. चुली थंडच होत्या." मग हात पुढं केला. "ते पान मले देता का?"

"कशाले, बाई?"

"त्या दिवसाचं कुठं काई लिवलेलं नाई. प्रेसवाल्यानं नाई लिवलं, त्यानं दुसरंच कारन सांगतलं. बापानं इचारलं नाई. पोरगा तं तवा कडेवर. कधी कधी मलेच वाटे, असा दिवस झालाच नसन." त्यांचा हात तसाच पुढं होता. "तुमीच एक लिवलं."

केशवरावांनी पान शिवणीपाशी धरलं आणि हळूच सोडवलं. जुना कागद, पण फाटला नाही, सरळ आला. इंदूबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. वाचता थोडंफार येत होतं. त्या अक्षर अक्षर लावत होत्या. लाल रेघेशी बोट आलं तेव्हा ते तिथं जरा थांबलं, मग विहिरीला वळसा घालून पुढं गेलं.

त्या उठल्या. भिंतीवर श्यामचा फोटो होता, कोणा यात्रेत काढलेला, टोपी तिरकी. त्यांनी फोटोची चौकट किंचित पुढं ओढली आणि पान मागं सरकवलं.

मग पातेलं चुलीवर ठेवलं. चहा झाला. दोघांनी तो प्यायला. कप खाली ठेवून केशवराव निघाले, चपला घातल्या, छत्री घेतली. अंगणात दोरी होती आणि दोरीवर एकच पांढरं लुगडं, अर्धवट वाळलेलं.

"भाऊ," मागून आवाज आला.

ते वळले.

"पुन्हा आले तं हाक मारजा," इंदूबाई दाराला टेकून म्हणाल्या. "नुसते उभे नोका राहू."